अंगणातला माळ

जुळे सोलापुरात बंगला बांधला की पुढे लॉन हवेच, असा अलिखित कायदा आहे. मग उन्हाळ्यात पारा 43 च्या वर जावो, नाहीतर नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येवो. हौदातले आधी लॉनला, उरले तर माणसांना. बेताचाच पाऊस पडणाऱ्या गावात हिरवा गालिचा राखणे म्हणजे गाय न पाळता बिनपगारी गुराखी होणे.

इथून वीसेक किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला नान्नजच्या माळावर मात्र कोणी पाइप धरून उभे नसते. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झालेल्या या मुलखात पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते मुरमाड जमिनीत मजेत नांदतात. उन्हाळ्यात वरून वाळून कोळ होतात, खाली मुळे जीव धरून बसतात आणि मृगाच्या सरी आल्या की पुन्हा फुटतात. ना खत, ना माळी.

हीच गवते अंगणात लावायचे एखाद्या गृहस्थाने मनावर घेतले, तर पावसाळाभर कोणाचे लक्षही जात नाही. तेव्हा सगळेच हिरवे असते. दिवाळीच्या सुमारास मारवेलला जांभळट तुरे येतात, पवन्या पिवळा पडून वाऱ्यावर डोलू लागतो आणि शेजारी कंपाउंडवरून डोकावतात. "काय ओ काका, गावाला गेलता काय? अंगण लई माजलंय की!" मुद्दाम लावलंय म्हटल्यावर आवाज हळवा होतो. "पेन्शन येतीय न्हवं वेळेवर?" मग सापाचा विषय निघतो. खरा कदरदान एकटा दूधवाला. "कापताना मला सांगा," एवढेच बोलून तो तुऱ्यांकडे पाहत राहतो; त्याच्या डोळ्यांपुढे पेंढ्या उभ्या असतात.

तसे गवत मराठी घराला परके नाही. कुंडीत गवती चहा, माठात वाळ्याची जुडी, गणपतीला एकवीस दूर्वा. पण गवताने कामाला यावे, नुसते देखणे असण्याचा त्याला हक्क नाही. तो हक्क नर्सरीतल्या आफ्रिकी फाउंटन ग्रासला, कारण त्याला पैसे मोजलेले असतात! त्याचाच देशी भाऊबंद अंजन. तसाच केसाळ तुरा मिरवतो, पण रस्त्याकडेला फुकट उगवतो, म्हणून बिचारा तण ठरतो.

कुसळीचे प्रकरण मात्र वेगळे. तिच्या बीला खाली सुईसारखे टोक आणि वर लांब, पिळदार केस. ओल लागली की पीळ सुटतो, वाळले की पुन्हा बसतो आणि या उलटसुलट फिरण्यात बी गिरमिटासारखे मातीत शिरते. माती नसेल तर पायमोजाही चालतो. वाळत आलेल्या कुसळीचे केस एकमेकांत गुंतून काळपट वेणी पडते, ती संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावी, पण लांबून. फाटकाशी कुसळी लावणाऱ्याकडे हळदीकुंकवाला बायका दुसऱ्यांदा येत नाहीत.

म्हणून सुरुवात मारवेलने करावी. गुरांचा लाडका चारा असल्याने राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही काढलेत. ओळखायला सोपे: कांडे जवळ धरून पाहिले की पेरावर पांढऱ्या केसांचे कडे दिसते. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून ठोंब मागून आणावेत. अभयारण्यातून काडीही उपटू नये. पाऊस लागला की हात-दीड हात अंतराने लावावेत, पहिल्या वर्षी पावसाने ताण दिला तर पाणी घालावे. मधून फरशीची वाट ठेवली की सापवाल्यांचेही समाधान होते. मुनिया बी टिपून जाईपर्यंत तुरे राहू द्यावेत आणि शिमग्याआधी, वाळल्या गवताला ठिणगीचे भय सुरू होण्यापूर्वी, वीतभर ठेवून बाकीचे कापावे. आदल्या दिवशी दूधवाल्याला निरोप धाडायला विसरू नये.