सतरा नंबर, वाया मंगरुळपीर
शाळा मी १९९७ साली सोडली, नववीत. तेव्हा आमचा मानोरा तालुका अकोला जिल्ह्यात होता. पुढच्या वर्षी १ जुलैला वाशीम वेगळा जिल्हा झाला. म्हणजे मी नापास होऊन घरी बसलो आणि बढती वाशीमला मिळाली. सत्तावीस वर्षांनी दहावीला बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरला, तेव्हा तीच बढती माझ्या मुळावर आली.

मानोऱ्यात सगळे मास्तर ओळखीचे, त्यात पोरगीही यंदा दहावीलाच. म्हणून मेव्हण्याच्या पत्त्यावर वाशीमची शाळा घेतली. पण लपणं एसटीत चढेपर्यंतच टिकलं.

"काऊन भाऊ, पोरीच्या कामानं चालले का?" कंडक्टर.

"नाई, माह्याच दहावीच्या."

मंगरुळपीरपर्यंत अख्ख्या गाडीनं माझा अभ्यास घेतला.

शाळेतल्या बाबूनं टीसी उलटसुलट केली. "दाखल्यावर अकोला, आधारवर वाशीम. जिल्हा काऊन बदलला?"

"म्या नाई, सरकारनं बदलवला."

"त्याचा कागद?"

तो कागद जमवण्यात दोन चकरा गेल्या.

खरी धास्ती विज्ञानाची. चाळीस-चाळीसचे दोन पेपर घोकून देता येतात. उरलेले वीस गुण प्रयोगाचे, तिथं घोकंपट्टी काय करणार? प्रयोगवही पोरीच्या वहीवरून उतरवली. इतक्या इमानानं, की तिच्या बाईंचा 'अक्षर सुधार' हा लाल शेराही मी निळ्या पेनानं उतरवला.

प्रयोगाच्या दिवशी आत शिरलो तर पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, परीक्षक आले. मी त्यांच्यात जाऊन बसलो, तेव्हा कुठे ती बसली.

पुढ्यात परीक्षानळी, तिच्यात निळंशार पाणी, पाण्यात लोखंडी खिळा. सर म्हणाले, "काका, हे कॉपर सल्फेट. जपून."

मोरचूद! संत्र्याच्या बागेत बारा वर्षं बोर्डो फवारतोय मी. शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद, किलोभर चुना. मिश्रण प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच करायचं, लोखंडी भांड्यात नाही. जमलं का, ते बघायला विळ्याचं पातं बुडवायचं. पातं तांबूस झालं, की अजून चुना.

पाव तासानं निळं पाणी फिकट हिरवट झालं. सरांनी खिळा वर काढला. "तांबूस का झाला?"

"चुना कमी पडला, सर."

"चुना? चुना कोणी टाकला?"

"कोणीच नाई. म्हणूनच तं."

पोरं फिदीफिदी हसली. मग पोरीनं पाठ करून घेतलेलं आठवलं: लोखंड तांब्याहून जास्त क्रियाशील, म्हणून ते तांब्याला द्रावणातून हुसकून लावतं आणि त्याची जागा घेतं. सरांनी गुण लिहिले. किती, ते हातानं झाकून.

सुटल्यावर मात्र व्हरांड्यात त्यांनीच गाठलं. "काका, दारातल्या लिंबाच्या खोडातून डिंक गळतोय."

"डिंक्या हाय तो. साल खरडा आन् बोर्डोची पेस्ट लावा. किलो मोरचूद, किलो चुना, दहा लिटर पाणी."

सरांनी खिशातली चिठ्ठी उलटी करून प्रमाण लिहून घेतलं. मी वाकून पाहिलं. अक्षर सुधारायला बराच वाव होता.