छतावरचे काका

कल्याणहून कर्जत लोकल सुटली की पहिलं स्टेशन आमचं, विठ्ठलवाडी. यंदा जुलैत स्वयंपाकघराच्या छताला ओल आली. आधी बशीएवढी, मग परातीएवढी, कडेने पोपडे. गावाचं नाव बघता तिथे कमरेवर हात ठेवून कुणीतरी उभं राहील, अशी माझी अटकळ. आई चष्मा पुसून म्हणाली, "हे तर तुझे काका. पाठमोरे. पिशवी उचलून तरातरा निघालेत."

वाटणीच्या दिवशी काका निघाले होते खरे. त्याला पंचवीस वर्षं झाली.

हेरमान रोर्शाक असता तर त्याने लगेच वही उघडली असती. शाळेत या स्विस पोराला 'क्लेक्स' म्हणत, म्हणजे शाईचा डाग. पुढे तो मनोविकारतज्ज्ञ झाला आणि १९२१ साली त्याने डागांचे दहा तक्ते छापले: पाच काळे-करडे, दोन लाल शिंतोड्यांचे, तीन रंगीत. पुढच्याच वर्षी अपेंडिक्स फुटून गेला बिचारा, वय ३७. तक्ते दाखवून समोरच्याला काय दिसलं यापेक्षा कसं दिसलं हे तो टिपायचा. अख्खा डाग धरला की एखादा कोपरा, आकार की रंग? निपचित डागात हलतीचालती माणसं दिसणं त्याला विशेष मोलाचं वाटे. त्या हिशेबाने आईला पैकीच्या पैकी.

या चाचणीवरून तज्ज्ञांची आजही जुंपते. १९७४ साली अमेरिकेत जॉन एक्सनर यांनी गुण देण्याची नवी पद्धत बसवली, तरी वाद मिटला नाही. मी हे घरात सांगितलं तर बायको म्हणाली, "ठाण्याला नेऊ का तुम्हाला?" ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आमच्या पट्ट्यातल्या संसारांत या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

सोसायटीचे सेक्रेटरी आले. मान वर न करताच म्हणाले, "वरच्यांची मोरी." मग वरचे आले. बराच वेळ टक लावून बघून म्हणाले, "मला तर काहीच दिसत नाही." एवढं स्वच्छ मन मी दुसरं पाहिलेलं नाही.

दिवाळीआधी मोरी दुरुस्त झाली. रंगारी लांबी भरायला शिडीवर चढला, तोच आई म्हणाली, "थांब रे बाबा." तिने फोटो काढून थेट काकूला पाठवला.

दहा मिनिटांत उत्तर आलं : "ताई, हे आमचे भाऊजी ना? कसे रागारागाने निघालेत बघा."

भाऊजी म्हणजे माझे बाबा.