दिसता कामा नये

पुण्यात ज्या बंगल्याच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली एखादी गोलसर आकृती झाकून ठेवलेली दिसते, आणि जिच्या अंगावरून रविवारी सकाळी खुद्द यजमानच, नोकराचाकरावर विश्वास न टाकता, मऊ फडके फिरवीत असतात, त्या बंगल्यात एक मूळस्वरूपवादी गृहस्थ राहतात असे खुशाल समजावे. ती आकृती बहुधा वडिलार्जित मॉरिस मायनर असते. तिच्याविषयी काही विचारण्याची गरज पडत नाही. ही मोटार इसिगोनिसने आखली, 1948 साली ती प्रथम बाजारात आली, दहा लाखांचा पल्ला गाठणारी ती पहिली इंग्रजी मोटार, हा सारा तपशील आपण फाटकाची कडी लावेपर्यंत आपल्या पदरात पडलेला असतो. तिच्या दरवाजाच्या खांबातून वळणाच्या वेळी बाहेर पडणारा तो पिवळा हात आजही पडतो; क्वचित आत जात नाही, तेव्हा यजमान खिडकीतून आपला हात बाहेर काढून त्याला आत सारतात, आणि मागच्या रिक्षावाल्याला यांना नेमके कोठे वळायचे आहे याचा अखेरपर्यंत उलगडा होत नाही.

अशा या निष्ठावंताच्या मनात एके दिवशी संगीताची वासना उत्पन्न होते. तिची कबुली तो सरळ देत नाही. 'आजकाल लांबच्या प्रवासात जरा विरंगुळा लागतो', एवढेच तो प्रथम म्हणतो. वास्तविक त्याचा सर्वांत लांबचा प्रवास खडकवासल्यापर्यंतचा असतो. पुढे ब्लूटूथ, चार स्पीकर आणि दोनशे वॉटचा अँप्लिफायर एवढी फेरिस्त तयार होते, आणि तिच्या शिरोभागी एकच अट असते : दिसता कामा नये. या तीन शब्दांत त्या गृहस्थाचे संपूर्ण तत्त्वज्ञान साठवलेले आहे. आधुनिकतेशी त्याचे वैर नाही. तिने पडद्यात राहावे, इतकेच त्याचे म्हणणे.

मग नाना पेठेतील एका वायरमनला पाचारण केले जाते. तो बॉनेट उघडतो, बॅटरीकडे पाहतो आणि हात मागे घेतो. "साहेब, हिच्या बॉडीला प्लस आहे. आत्ताचा सेट बॉडीला टेकला की धूर." यजमानांना हे ठाऊकच असते; किंबहुना कोणीतरी हे म्हणावे याचीच ते वाट पाहत असतात, कारण त्या काळच्या इंग्रजी मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला का जोडीत, या विषयावर त्यांच्यापाशी अर्ध्या तासाचे व्याख्यान तयार असते. वायरमन ते उकिडवा बसून ऐकतो. त्यानंतर बॅटरीची टोके उलटी करणे, डायनॅमोला क्षणभर उलटा प्रवाह देऊन त्याची चुंबकीय स्मृती बदलणे, कॉइलच्या तारांची अदलाबदल करणे, हे विधी यथासांग पार पडतात. सत्तर वर्षे धन असलेला देह ऋण झाला, याचे यजमानांना तिळमात्र दुःख होत नाही. बाहेरून ते कोणाला कळणार आहे?

पण डायनॅमो हा मोठा स्पष्टवक्ता असतो. तो देणार फार तर 22 अँपिअर. दोनशे वॉटचा सेट पूर्ण आवाजात बारा व्होल्टांवर सुमारे 17 अँपिअर ओढतो, आणि पुढचे-मागचे दिवे लावले की आणखी सात-आठ खर्ची पडतात. म्हणजे रात्रीच्या वेळी एक तर रस्ता दिसावा किंवा गाणे ऐकू यावे, दोन्ही नव्हे. त्यात सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, आणि पुण्यातील मोटारीचे निम्मे आयुष्य सिग्नललाच जात असल्यामुळे बॅटरीची तिजोरी लवकरच रिकामी होते. कोणीही व्यवहारी माणूस येथे एक अल्टरनेटर बसवून मोकळा झाला असता. आमचे गृहस्थ मात्र विलायतेहून असा अल्टरनेटर मागवतात, जो डायनॅमोच्याच हुबेहूब कवचात भरलेला असतो. असली वस्तू तयार करणारे लोक जगात आहेत, याचा अर्थ हा पंथ केवळ पुण्यापुरता मर्यादित नाही.

खरी कसोटी पुढेच आहे. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ जागचा हलवायचा नाही. त्याच्या तबकडीमागे फक्त दिवा लागेल, खरा सेट सीटखाली राहील. तारांना प्लॅस्टिकचे आवरण चालणार नाही. काळ्या सुती विणीच्या नळीतून त्या ओवल्या पाहिजेत, आणि त्या गालिच्याखालून जाणार असल्या तरी ओवल्याच पाहिजेत. स्क्रूच्या डोक्यावर सरळ खाच हवी. वायरमनने घाईत दोन ठिकाणी फुलीच्या खाचेचे स्क्रू पिळलेले असतात. ते यजमान डॅशबोर्डाखाली उताणे पडून, विजेरी दातांत धरून, शोधून काढतात. आणि सर्वांवर कळस म्हणजे, जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह तापून आवाज यायला अर्धे-एक मिनिट लागत असे, म्हणून नव्या सेटलाही, जो डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी गाऊ लागतो, अर्धा मिनिट गप्प बसवणारे एक सर्किट तापकीर गल्लीतून बनवून घेतले जाते. विलंबासाठी स्वखुशीने पैसे मोजणारा हा पुण्यातील बहुधा एकमेव इसम असावा. इतरांना तो विनामूल्य मिळतो.

कायद्याची बाजूही त्याने तपासलेली असते. पन्नास वर्षांवरील मोटारींना विंटेज म्हणून मान्यता देणारे 2021 चे नियम त्याला कलमवार पाठ असतात. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या सांगाड्यात, बॉडीत वा इंजिनात भरीव फेरबदल झालेला नसावा, या वाक्यावर त्याने पेन्सिलीने खूण केलेली असते, आणि समासात लिहिलेले असते : 'रेडिओचा उल्लेख नाही.'

आता राहिले गाणे. काम फत्ते झाल्यावर कुटुंब विचारते, "अहो, एवढं सगळं करून लावणार काय?" यावर त्यांचा निकाल असा की, मोटारीहून वयाने लहान गाणे तीत वाजता कामा नये. सुदैवाने मोटार 1956 ची असल्यामुळे 1955 साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले गीतरामायण बसते. अन्यथा रामावरही प्रसंग आला असता. परंतु ही छप्पन्न गीतेही ते ऐकतात असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांचा कान गाण्यामागे, इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी एक बारीक शीळ येते की काय, तिकडे लागलेला असतो. ती आली की गाडी थांबते, बॉनेट उघडते, एक कंडेन्सर बदलला जातो, आणि दशरथ तेवढा वेळ पुत्रवियोगात ताटकळतो.

इतके सारे लपवून झाल्यावर गृहस्थापुढे एक निराळेच संकट उभे राहते. लपलेले कोणाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्याचे कौतुक कोण करणार? तेव्हा पाहुण्यांना गाडीत बसवून, जुन्या रेडिओची कळ फिरवून, तो अर्धा मिनिट अर्थपूर्ण मौन पाळतो. आवाज आला की पाहुणे भाबडेपणाने म्हणतात, "वा, अजून चालतो की हा!" ही दाद म्हणजे खरे तर त्याच्या तपश्चर्येचे फळ, पण ती ऐकून त्याचा चेहरा उतरतो. मग सीट उचलली जाते, गालिचा गुंडाळला जातो, सुती नळ्या बोटाने चाचपायला लावल्या जातात, आणि पाहुण्यांना चहा थंडच प्यावा लागतो.

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात तर हा पेच विकोपाला जातो. परीक्षक वही घेऊन येतात, डॅशबोर्डात डोकावतात आणि 'रेडिओ : मूळचा' या रकान्यात पूर्ण गुण मांडतात. शहाण्याने येथे स्वस्थ बसावे. आमच्या गृहस्थाचे ओठ थरथरतात, परीक्षक पुढच्या मोटारीकडे वळतात, आणि याच्याने राहवत नाही. तो त्यांची बाही धरून त्यांना परत आणतो आणि सीट उचलून दाखवतो. परीक्षक वाकून बराच वेळ पाहतात, स्क्रूंच्या खाचा निरखतात, वहीतले गुण खोडतात, आणि मग इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणतात, "आमची हिलमन आहे. तो वायरमन घरी येतो का हो?"