गॅस खाली बसतो, असं बाबा म्हणतात

ब्रॅम्प्टन, ओंटारिओ
जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस,


बाबा, ‘गॅस जड असतो, अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा,’ हा तुमचा सल्ला जावयाने, म्हणजे समीरने, मानला नाही म्हणून तुम्ही रुसलात, असं आईने कळवलं. तर हा खुलासा. सिलिंडरच्या गॅसबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. तो हवेपेक्षा जड, खालीच साचतो. पण आमचा अलार्म कार्बन मोनॉक्साइडचा, आणि तो गॅस हवेपेक्षा जेमतेम हलका. तो हवेत मिसळून घरभर हिंडतो. ना रंग, ना वास. त्यामुळे उंची डबीतल्या कागदावर लिहिली असेल ती. खरा प्रश्न कुठल्या खोलीत, हा.

इथे या १ जानेवारीपासून नियम कडक झालाय. घरात गॅसची फर्नेस, फायरप्लेस किंवा घराला लागून गॅरेज असेल, तर झोपायच्या खोल्यांजवळ अलार्म आधीपासून सक्तीचा होताच, आता प्रत्येक मजल्यावरही हवा. आमच्याकडे तिन्ही आहेत, म्हणून सर्वपक्षीय बैठक भरली.

समीर म्हणाला, बेसमेंटमध्ये फर्नेसच्या डोक्यावरच लावू. पण फर्नेस पेटताना जरासा गॅस सुटला तरी तो उगाच बोंबलणार, म्हणून काही फूट लांब लावला. सासूबाईंचं मत स्वयंपाकघर, शेगडीशेजारी. तिथली वाफ आणि तेलकटपणा त्याला सोसत नाही. तुमच्या नातीला, सईला, तो पडद्यामागे हवा होता, कारण त्याचा हिरवा दिवा तिच्या खोलीच्या रंगाला शोभत नाही. पडद्यामागे हवाच पोचत नाही, तर त्याला कळणार काय?

शेवटी वरच्या मजल्यावरचा बेडरूमच्या दारांबाहेर लागला. हा गॅस माणसाला जागं करत नाही, झोप आणखी गाढ करतो. म्हणून अलार्म झोपलेल्याच्या कानाजवळ हवा. २००८च्या डिसेंबरात इथल्या वुडस्टॉकमध्ये आईवडील आणि दोन मुलं अशीच गेली. फायरप्लेसचा धूर बाहेर नेणारा मार्ग तुंबला होता आणि घरात अलार्म नव्हता. इथला २०१३चा कायदा त्या कुटुंबाच्या नावाने आहे. हे वाचून दाखवल्यावर सईने दिव्याचा विषय काढला नाही.

आई, तू मे महिन्यात येशील तेव्हासाठी सांगून ठेवते. तीनदा पीं-पीं-पीं म्हणजे धुराचा अलार्म. सासूबाईंनी मिरचीची फोडणी दिली की तो वाजतोच, घाबरायचं नाही. चारदा वाजलं तर मात्र या गॅसचा. मग साडी बदलायची नाही, देवापुढचा दिवा शांत करायला जायचं नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडायचं आणि बाहेरून ९११ला फोन. अधूनमधून एकदाच पीं झालं तर नुसती बॅटरी संपत आलीय.

आणि बाबा, खरं पत्र इथून पुढे. नाशिकच्या बाथरूममधला गॅस गिझर. एवढीशी खोली, दार बंद, थंडीत खिडकीही बंद. आतला प्राणवायू कमी झाला की गिझरच हा गॅस ओकू लागतो. तिथे अलार्म लावून भागणार नाही, गिझरच ड्राय बाल्कनीत हलवायला हवा. ‘वीस वर्षं काही झालं नाही’ हे तुमचं उत्तर मला पाठ आहे, लिहून पाठवू नका. प्लंबरशी मी परस्पर बोलले आहे. शनिवारी येतो म्हणालाय, म्हणजे तुम्ही मंगळवार धरा. तोवर अंघोळीला पाणी स्वयंपाकघरात तापवा.

तुमची,
मृदुला