पुणे ते वर्धा, व्हाया दौंड

वर्धा जिल्ह्यात जन्मलेल्या मुलाने घरी गाडी मागू नये. मागितली की कुठला तरी थोर माणूस अंगावर येतो. गांधीजी 1936 साली वर्ध्याहून सेवाग्रामला राहायला गेले ते पायी. विनोबा 1951 मध्ये पवनारहून हैदराबादकडे निघाले तेही पायी, आणि मग भूदानासाठी वर्षानुवर्षं चालतच राहिले. दोन्ही आश्रम आमच्या घरापासून सायकलच्या टप्प्यात. बारावीनंतर मी दबक्या आवाजात लूनाचा विषय काढला, तेव्हा आजोबांनी पेपर खाली न करताच विचारलं, "विनोबा पोचमपल्लीले कायच्यावर गेले होते?"

"पायी."

"मंग? तुले तं सायकल देऊन राह्यलो."

थोर माणसांच्या शेजारात राहण्याचे तोटे कुठल्याच चरित्रात दिलेले नसतात.

तर 1998 च्या सुमारास मी आणि माझी सायकल शिकायला पुण्यात आलो. वर्ध्यात सायकलला शत्रू एकच, ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की उन्हात लावलेल्या सायकलवर बसण्याआधी सीटवर तांब्याभर पाणी ओतावं लागतं. पण रस्ता सपाट. गिअर नसलेल्या सायकललाही आपल्याला गिअर नाहीत हे तिथे आयुष्यभर कळत नाही. पुण्यात ते पहिल्याच सकाळी कळलं.

खोली सदाशिव पेठेत, वर्ग विद्यापीठात. भिडे पुलावरून नदी ओलांडायची, जंगली महाराज रस्त्याने शिवाजीनगर गाठायचं, इथवर सगळं ठीक. पुढे गणेशखिंडीचा चढ लागतो. मोटारीतून जाणाऱ्यांना तिथे चढ आहे हे सांगूनही पटत नाही. सायकलवाल्याला मात्र तिथला प्रत्येक विजेचा खांब ओळखीचा असतो. 1897 साली चाफेकर बंधूंनी रँडला गाठलं ते याच रस्त्यावर. मला दर सकाळी पहिल्या तासाचे सर याच रस्त्यावर गाठत. स्कूटर हळू करून, "या सावकाश, हजेरी झाल्यावर," एवढं म्हणून ते पुढे निघून जात. पायडलवर उभा राहून धापा टाकणाऱ्या माणसाला यावर उत्तर देता येत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

या चढावर एकच समाधान मिळे, ते म्हणजे पेट्रोल संपलेला लूनावाला. लूनाला पायडल असत. घरी हट्ट करून गाडी मिळवलेला, शर्ट इन केलेला मुलगा माझ्या शेजारून तेच पायडल मारत चाललेला दिसला की आजोबांबद्दल आदर वाटे. असे प्रसंग फार आले नाहीत. पेट्रोल तेव्हा एवढं महाग नव्हतं.

पंक्चर मात्र कुणाचीच जात बघत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पंक्चरवाले काका होते. बोलणं मोजकं. ट्यूब उपसून हवा भरायची, घमेल्यातल्या काळ्या पाण्यात इंच इंच सरकवायची, बुडबुडे आले की ती जागा कानशीने घासायची, सोल्युशन लावून फुंकर मारायची, ठिगळ ठेवून वर हातोडी. सगळं न बोलता. मग एकदम निकाल.

"दोन निघाले."

"काका, काटा तर एकच होता."

"दुसरं जुनं आहे. ठेवू तसंच?"

यावर कुणी 'ठेवा' म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

दर पावसाळ्यात सिंहगडाला सायकलने जायची टूम निघे. त्या सहलीबद्दल सांगण्यासारखं कमी आहे. खडकवासल्यापर्यंत सगळे गात जातात, गडाच्या घाटात सायकल आपल्याला नेत नाही, आपण सायकलला नेतो, आणि वर पिठलं-भाकरी खाताना प्रत्येक जण म्हणतो की उतरताना मजा आहे. उतरताना ओले ब्रेक लागत नाहीत. ही मजा असेल तर असो.

दिवाळीला घरी जायचं म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस. ही गाडी कोल्हापूरहून निघते आणि गोंदियाला थांबते. तेराशे किलोमीटरच्या आसपास धावते, पण राज्याची हद्द ओलांडत नाही. पुण्याला ती रात्री येई आणि कोल्हापूर-साताऱ्याने ती आधीच भरलेली असे. सायकलवर पाय दुखतात. दिवाळीच्या जनरल डब्यात आपल्याला पाय आहेत की नाहीत हेच कळत नाही. जे दिसतात ते शेजारच्याचेही असू शकतात.

एका दिवाळीला भाग्य उजळलं. माझ्या समोरच साताऱ्याचं एक कुटुंब उतरलं आणि मला खिडकी मिळाली, तीही गाडीच्या तोंडाची. एवढ्यात समोरच्या बाकावर दोन पिशव्या आणि एक बोचकं घेऊन बडनेऱ्याच्या मावशी स्थानापन्न झाल्या. पुण्याला लेकीकडे आल्या होत्या.

"बापू, तू इकडं बसतं का? मले उलटं बसलं का मयमयते."

उठलो. वर्ध्याच्या संस्कारांत नाही म्हणणं बसत नाही. मावशी वारा खात झोपी गेल्या. मध्यरात्री दौंड आलं. तेव्हा दौंडला या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत, कारण मनमाडकडचा फाटा पुण्याच्याच बाजूने निघतो. गाडी हलली तशी वरच्या फळीवरून एक काका ओरडले, "अहो, गाडी परत पुण्याला चालली!" अर्धा डबा दचकून उठला. सामानाच्या ढिगातून एक अनुभवी आवाज आला, "इंजिन फिरलं. झोपा."

आता मी तोंडाकडे होतो आणि मावशी उलट्या. डोळे मिटूनच त्यांनी ते ओळखलं.

"बापू..."

मी आधीच उठलो होतो.

नगर, मनमाड झोपेत गेलं. भुसावळला केळी, शेगावला कचोरी. दोन्हींत मावशींनी निम्मा वाटा माझ्या हातावर ठेवला, त्यामुळे राग धरणं अवघड झालं. मूर्तिजापूरला शकुंतला नावाच्या छोट्या गाडीचे नॅरोगेज रूळ दिसले. ही गाडी 1994 पर्यंत वाफेवर चाले. नंतर डिझेल आलं तरी तिची चाल अशी, की सायकलवाल्याला शर्यत लावायचा मोह व्हावा. "आमच्या लग्नाचं वऱ्हाड तिच्यातच गेलं होतं," मावशी म्हणाल्या, "वाटेत उतरून बोरं तोडली पोट्ट्यांनी."

बडनेरा आलं. मावशी पुरत्या उठायच्या आत बाहेरून खिडकीतून एक रुमाल त्यांच्या जागेवर पडला आणि पाठोपाठ रुमालाचा मालक आत शिरला. कॉलेजचा पोरगा, पाठीला सॅक, चेहरा विजयी. मावशींनी मला "सांभायून जा बापू" म्हटलं आणि बोचकं डोक्यावर घेऊन त्या उतरल्या. पोरगा खिडकीशी ऐसपैस बसला. गाडी सुटली.

मी पोटावर हात ठेवला आणि जरा वाकून म्हणालो, "बापू, तू इकडं बसतं का? मले उलटं बसलं का मयमयते."

पोरगा चांगल्या घरातला निघाला.