पांढऱ्या फडक्याची परीक्षा

नाशिकचं कौतुक करणारा माणूस द्राक्षांपासून सुरू करतो, मिसळीवर रेंगाळतो आणि रामकुंडावर येऊन थांबतो. कंबरपट्ट्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. वास्तविक इतके कंबरपट्टे दुसऱ्या कुठल्या गावात क्वचितच सापडतील. त्र्यंबक रस्त्याला महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झालेली ही शाळा १९०९ मध्ये नाशिकला आली आणि तेव्हापासून राज्याचे फौजदार इथेच पट्टा आवळायला शिकतात. देवळालीला तोफखाना आहे. तिथून निवृत्त झालेले जवान गावातल्या बँकांच्या दारात स्टुलावर बसतात, तेही पट्ट्यासकट. बारा वर्षांनी सिंहस्थ आला की उरलेल्या महाराष्ट्रातले पट्टेही बंदोबस्ताला गोदाकाठी उतरतात.

हे माझ्या एवढं लक्षात राहायचं कारण म्हणजे मी पिस्तुलांची चामडी होल्स्टरं करतो. सोमवार ते शुक्रवार विमा कंपनीत लोकांना मरणाची आठवण करून देतो आणि शनिवार-रविवार हा उद्योग. तोफेला होल्स्टर लागत नाही, नाहीतर देवळालीची ऑर्डरही मी सोडली नसती.

अकादमीच्या दीक्षान्त सोहळ्यात सर्वोत्तम प्रशिक्षणार्थीला मानाची रिव्हॉल्व्हर देतात. मानाचं होल्स्टर कुणी देत नाही. हा मला अन्याय वाटतो. हत्यार शक्यतो आतच राहावं अशी सरकारची, जनतेची आणि बायकोची इच्छा असते. जगाला दिसतं ते कव्हर. पट्ट्याचंही तेच. सॅम ब्राउन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याचा डावा हात १८५८ साली उत्तर हिंदुस्थानातल्या लढाईत गेला. तलवार उपसताना म्यान धरायला हात उरला नाही, म्हणून त्याने खांद्यावरून तिरका पट्टा घेऊन कमरेचा पट्टा जखडून टाकला. आज दोन्ही हात शाबूत असलेले अधिकारीही समारंभाला तोच पट्टा लावतात. म्यान नसलं तरी दुसऱ्या हातात मोबाइल असतो.

माझं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आमचे दाजी. पोलीस निरीक्षक. सरकारी कव्हर त्यांना पसंत नव्हतं. "त्यात पिस्तूल असं लटकतं, की आरोपीच म्हणतो, साहेब, पडेल," अशी त्यांची तक्रार. मी म्हटलं, मापाला पिस्तूल ठेवून जा. दाजींनी माझ्याकडे पंचनाम्याच्या नजरेने पाहिलं आणि १९५९चा शस्त्र कायदा थोडक्यात समजावला. मग पिस्तूल दाजींच्याच कमरेला ठेवून मापं घेतली आणि ओळखीच्या सुताराकडून सागवानी तुकड्याचं हुबेहूब पिस्तूल कोरून आणलं. सुताराने पैसे आधी मागितले. असं गिऱ्हाईक परत येतंच असं नाही, हा त्याचा हिशेब.

चामड्याची निवड मात्र माझी नाही, मामांची. मामा म्हणजे भद्रकालीतल्या एका गल्लीत बसणारे आमचे गुरू. समोर आरी, रापी आणि मेणाचा गोळा, मागे दुरुस्तीला आलेल्या बॅगांचा ढीग. मी मऊ, गुळगुळीत, क्रोमने कमावलेलं चामडं दाखवलं, तेव्हा त्यांनी ते दोन बोटांत धरून रुमालासारखं हलवलं. "याचा बटवा करा. पिस्तूल सांभाळायचं तर बाभळीच्या सालीचं, हिरड्याचं कातडं लागतं. ते आकार धरतं आणि धरलेला सोडत नाही. मापात ओलं करा, पिळू नका, सावलीत वाळवा."

त्याप्रमाणे चामडं भिजवलं, सागवानी पिस्तुलाभोवती बसवलं, चमच्याच्या मागच्या टोकाने दाबून चाप, नळी, मूठ सगळं उठवलं आणि गॅलरीतल्या दोरीला चिमट्यांनी लावलं. एका बाजूला परकर, दुसऱ्या बाजूला माझा पायजमा, मधे होल्स्टर आणि त्यातून डोकावणारी मूठ. समोरच्या काकूंनी ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना आली : 'सभासदांनी घातक वस्तू दर्शनी बाजूस वाळत घालू नयेत. कुंड्यांबाबतचा नियमही पाळावा.' त्या आठवड्यात पार्किंगवरून माझ्याशी कुणीही भांडलं नाही.

खरी गंमत रंगात आहे. कोरं चामडं फिकट बदामी असतं. त्याला कोणता रंग द्यायचा यावर दाजींच्या घरी बैठक बसली. ताईला खाकीवर शोभणारा हवा होता. भाच्याला सिनेमातल्यासारखा हवा होता. दाजींची अट सर्वांत अवघड : "तपकिरी हवा, आमच्या साहेबांच्या पट्ट्यासारखा. पण साहेबांच्यापेक्षा उजळ दिसता कामा नये." रंगांच्या तक्त्यात हुद्द्याप्रमाणे छटा दिलेल्या नसतात, हे त्यांना पटवायला वेळ लागला.

शिवाय चामड्याचा रंग एकदाच ठरवता येत नाही. लावताना तो एक असतो, वाळल्यावर दुसरा आणि तेल दिल्यावर तिसरा. स्पिरिटमधला रंग हात फिरवेपर्यंत वाळतो आणि जिथे थांबलात तिथे पट्टा उमटतो. म्हणून तो पातळ करून एक हात आडवा, एक उभा, एक गोल असा द्यायचा. त्यातही जनावराच्या पाठीचं कातडं घट्ट, पोटाचं सैल. पोट रंग अधाशासारखा पितं, पाठ तोंडच लावत नाही. या बाबतीत जनावर आणि माणूस यांत फरक नाही.

तपकिरी अगदी साहेबांच्या खालोखाल जमून आला आणि दाजींची बदली झाली. गुन्हे शाखा, साधा वेश. आता होल्स्टर शर्टाच्या आत जाणार, म्हणून कुणाला न दिसणारं काळं हवं. दैव बलवत्तर म्हणून तेल-मेण अजून चढलं नव्हतं. आणि तपकिरीचं काळं करता येतं. काळ्याचं तपकिरी करणं कुठल्याही शाखेला जमलेलं नाही. तेवढ्यात ताईचा फोन. "साध्या वेशात हे पांढरा शर्ट घालतात. काळा रंग शर्टाला लागला तर धुवायला तुझ्याकडे पाठवीन. शर्टही आणि यांनाही."

मी मामांकडे गेलो. ते म्हणाले, "वरून फासताय कशाला? हिरड्याचं कातडं आहे, लोखंडाचं पाणी पाजा. आपोआप काळं होतंय."

या पाण्यासाठी गंजके खिळे व्हिनेगरमध्ये बुडवून आठवडाभर ठेवायचे. बरणी आमच्या ओट्यावर, कैरीच्या लोणच्याशेजारी राहिली. पाहुणे आले की सौ. ती आधी उचलायची, मग चहाचं विचारायची. पाणी गाळून चामड्यावर फिरवलं. आधी काहीच नाही. मग राखाडी, मग निळसर आणि बघता बघता डोळ्यांदेखत काळं कुळकुळीत. जादू वगैरे काही नाही. साल आणि हिरड्यातलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं होतं. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे, तीही याच न्यायाने. हा काळा वरून बसलेला नसतो, तर चामड्याने स्वतः आतून केलेला असतो, म्हणून तो शर्टावर उतरत नाही. शेवटी आंबटपणा मारायला खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं. व्हिनेगर झालं, सोडा झाला, तेलाची वाटी पुढे आली, तेव्हा सौ.ने ओट्यापाशी येऊन विचारलं, "होल्स्टर करताय की ढोकळा?"

तेल मात्र बेताचं. माया दाखवायला गेलं की चामडं मऊ पडतं, पकड सैल होते आणि पुन्हा आरोपीच्या इशाऱ्यावर अवलंबून राहायची वेळ येते. नंतर कडा. कापलेली कड तासायची, पॉलिश पेपरने घासायची, डिंकाचं पाणी लावायचं आणि लाकडाने घासत राहायचं. थर एकजीव होऊन कड काचेसारखी होते. कधी होते? मामांना विचारलं, तर म्हणतात, "झाली का, असं विचारताय ना? म्हणजे नाही झाली." वरून मधमाशांचं मेण, आणि ते मुरायला सौ.चा हेअर ड्रायर. मग शेवटची परीक्षा : पांढरं स्वच्छ फडकं घेऊन जोरात घासायचं. फडकं पांढरं राहिलं तर पास.

होल्स्टर ताब्यात देताना मी दाजींना बजावलं, की रात्री पिस्तूल यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, वर टॅनिन, लोखंडाला गंज चढेल.

"म्हणजे पिस्तुलाचं कव्हर, पण पिस्तूल त्यात ठेवायचं नाही?"

"ड्युटीपुरतं ठेवायचं."

"बरोबर आहे," दाजी म्हणाले, "सरकारी क्वार्टरचंही आमचं तसंच असतं."

या कामाने माझं नाव झालं. नातेवाईक म्हणतात, काय कला आहे हातात! ऑफिसातले म्हणतात, असा छंद हवा. एका प्रदर्शनात मला 'लेदर आर्टिस्ट' अशी पट्टी लावून उभं केलं होतं. मामांच्या घरात हेच काम पिढ्यान्पिढ्या चाललं. त्यांच्या आजोबांना लोक ओंजळीत वरून पाणी ओतायचे, आणि मामांना आजही कुणी आर्टिस्ट म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणून कौतुक कानावर आलं, की मी मनातल्या मनात त्यावर पांढरं फडकं फिरवून पाहतो. रंग सुटतो. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर कोल्हापुरी वळणाच्या चपला उतरवल्या आणि कोल्हापूरचं नाव घ्यायला विसरले, तेव्हा आपण सगळे खवळलो. कोल्हापुरीला २०१९ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय, हे बहुतेकांना त्या दिवशी कळलं. मीही कारागिरांच्या बाजूने तावातावाने बोललो. बोलताना पायात स्पोर्ट शूज होते.

काम पाहायला मामा घरी आले. होल्स्टर उलटंपालटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "किती घेतले?"

"साडेतीन हजार. दाजी म्हणून."

मामा बराच वेळ गप्प. असलंच कव्हर ते सातशेला देत. मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, "जास्त होतात का? कमी करतो."

"अजिबात नको," मामा घाईने म्हणाले. "तुम्ही तुमचा दर उतरवू नका. मी माझा चढवतो."

पुढच्याच महिन्यात गल्लीत 'हँडमेड' अशी पाटी लागली. दाजींच्या जुन्या साहेबांना होल्स्टर हवं होतं. दाजींनी माझं नाव सुचवलं. साहेबांनी दोघांचे दर विचारले आणि ऑर्डर मामांना दिली. मामांनी चार हजार सांगितले होते. माझ्यापेक्षा महाग आहे म्हणजे काम चांगलंच असणार, असं साहेबांचं म्हणणं पडलं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. आता मामांकडे कामाची रांग लागली आहे. रविवारी सकाळी मी तिथे कडा घासायला जातो.