काँप्युटरला दिवाळी सोसत नाही

ब्लेंडर या थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवाळीतल्या वाड्याचं अंगण उभं करायला घेतल्यापासून माझं ठाम मत झालं आहे, की हा सण ठरवताना आपल्या पूर्वजांनी काँप्युटरचा काडीचाही विचार केलेला नव्हता.

नाताळ बघा. झाडाला टांगलेले चकचकीत गोळे! काँप्युटरचा जीवच गोळ्यात. टर्नर व्हिटेड यांचा रे ट्रेसिंगवरचा, म्हणजे उजेडाच्या किरणांचा माग काढत चित्र रंगवण्यावरचा, निबंध १९८० साली छापून आला, त्यातल्या गाजलेल्या चित्रातही गोळेच होते, खाली चौकटींची फरशी. शिवाय बर्फ पसरला की निम्मं गाव न बनवताच झाकून जातं. रंगपंचमीही परवडते. भर उन्हातला सण. वर एक सूर्य टांगला की भागलं.

दिवाळीला मात्र रात्र लागते, तीही अवसेची. आणि उजेड करायचा तो करंगळीच्या पेराएवढ्या ज्योतींनी. ज्योतीचा रंग तेवढा आयता मिळतो, १९०० केल्विन लिहिलं की झालं. पुढे सगळे हाल. ब्लेंडरचं चित्र रंगवणारं सायकल्स हे इंजिन कॅमेऱ्यातून उलटे किरण सोडतं. ते भिंतींवर आपटत दिवे हुडकत फिरतात. कंदिलाच्या कागदाआडचा दिवा आणि पितळी समईवरून उसळलेला उजेड हुडकताना तर त्यांची पार दमछाक होते. फळ काय, तर चित्रभर पांढरे ठिपके. आई मागून म्हणाली, "अरे, रांगोळी सांडलीस का रे सगळीकडे?"

डीनॉइझर लावला. त्यानं ठिपके पुसले, आणि त्याच झपाट्यात उंबऱ्यापुढची ठिपक्यांची रांगोळीही. इतका उरक आमच्या घरात झाडू मारताना कुणी दाखवलेला नाही.

फराळात लाडू सुखाचा, गोळाच तो. चकलीसाठी चांदणीचा आकार सर्पिल रेषेवरून फिरवावा लागतो, वर पीळ. काटा न् काटा नेमका आला. आईनं चष्मा सारखा केला. "विकतची दिसतेय." आमच्या घरात याहून मोठी शिवी नाही. मग काटे थोडे वेडेवाकडे केले, एक चकली मोडली. बायको तिकडे जळमटं काढत होती आणि मी इकडे भिंतीला ओल चढवत होतो. तिनं एकदाच पडद्याकडे पाहिलं, बोलली काही नाही. करंजी मी केलीच नाही. तिच्या मुरडीला ब्लेंडरमध्ये मॉडिफायर नाही.

पणत्या सगळ्या एकाच पणतीच्या प्रती. आईच्या नजरेतून ते सुटणार थोडंच?

"सगळ्यांची तोंडं एकीकडेच? कुठली रे ही दिशा?"

"उणे वाय."

"म्हणजे?"

ब्लेंडरच्या रिवाजात वाय म्हणजे उत्तर. "दक्षिण," मी म्हणालो.

"अरे, यमाला एक पुरते. तीही धनत्रयोदशीला!"